दहावी-बारावीला मैदान बंद नको

‘दहावी-बारावीच्या मुलांना वर्षभर खेळ व स्नेहसंमेलनापासून दूर ठेवावे’ अशी सूचना करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. ही सूचना मला मान्य नाही. क्रीडा प्रावीण्य, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा आणि लोककलेतील सहभाग यांसाठी राज्य मंडळच दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण देते. मग शाळांनी ती वाट का बंद करावी?

आमच्या पूर्व विदर्भात दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये आजही गावोगावी रंगतात आणि मुले ती पाहतच मोठी होतात. शहरातल्यासारखे क्लब, शिबिरे इथे नाहीत. जे काही करायला मिळते ते शाळेतच. संमेलनाचे सूत्रसंचालन, वर्गणीचा हिशेब, मैदानावर फक्कीच्या रेषा आखणे, सारे मोठ्या वर्गाकडे असते. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी त्या दिवशी अख्ख्या गावासमोर माईक हातात घेते. बारावीनंतर यातल्या कितीतरी मुलींचे शिक्षण थांबते, हे आपण सारे जाणतो.

अभ्यासाची काळजी रास्तच आहे. त्यासाठी संमेलन डिसेंबरातच उरकावे आणि सराव शेवटची एसटी सुटण्याआधी संपवावा.

– एक पालक, लाखांदूर (जि. भंडारा)