अण्णांचा शेवटचा फोन आणि न्यू हॅम्पशायरचं मतदान

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी इथे नॅशुआत, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर वाचतो. ट्रम्प इथली रिपब्लिकन प्रायमरी (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं मतदान) जिंकले ती बातमी तुम्ही चार ओळीत आटपलीत, त्याबद्दल तक्रार नाही, साताऱ्याच्या माणसाला त्याचं काय पडलंय. पण २३ जानेवारी २०२४ ला ज्यांनी इथे मत टाकलं त्यातला एक मी, आणि त्याच्या चौदा दिवस आधी माझे वडील, अण्णा, साताऱ्यात वारले. ही दोन्ही डोक्यात अशी गुंतून बसलीयेत की कुठेतरी लिहून काढल्याशिवाय सुटणार नाहीत, म्हणून हे पत्र.

मी रिपब्लिकन. आपल्याकडे ज्याला उजवा म्हणतात तो. टॅक्स कमी असावा, सरकारने घरात नाक खुपसू नये, देवधर्म-कुटुंब टिकावं, एवढंच माझं. आमच्या राज्यात पगारावर राज्याचा टॅक्स नाही, दुकानात सेल्स टॅक्स नाही (घरपट्टी मात्र कंबरडं मोडते), आणि गाडीच्या नंबरप्लेटवर लिहिलेलं असतं, 'जगा तर स्वतंत्र, नाहीतर मरा'. अण्णा इथे आले तेव्हा ते वाचून म्हणाले, हे तर आपल्या मावळ्यांचं दिसतंय!

अण्णा जनसंघाचे, पणती निशाणी होती तेव्हापासूनचे. प्रायमरी काय असते ते त्यांना समजावताना मला तासभर लागला होता. पक्षाचा उमेदवार कोण हे हायकमांड नाही तर साधे मतदार मत टाकून ठरवतात, आमच्याकडे तर कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेला माणूसही त्या दिवशी येऊन रिपब्लिकन मतपत्रिका मागू शकतो, हे ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, 'म्हणजे तिकिटासाठी दिल्लीला कोणी खेटे घालत नाही?' नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प.

आता खरं ते सांगतो. अण्णांना ट्रम्प आवडायचे. माणूस खमका आहे म्हणायचे. मला २०२० च्या निवडणुकीनंतर ते पटेनात, हरल्यावर हरलो म्हणता येत नसेल तर तो कसला परंपरा जपणारा, हे माझं मत. ७ जानेवारीच्या रविवारी नेहमीसारखा फोन झाला, बोलणं तब्येतीवरून निवडणुकीवर घसरलं, ते म्हणाले तू तिकडे राहून मऊ झालास, मी म्हटलं अण्णा तुम्हाला इथलं काय कळतंय, आणि चिडून ठेवून दिला फोन. मंगळवारी चुलतभावाचा कॉल आला.

आणीबाणीत अण्णा येरवड्याला होते, मी चार वर्षांचा. तेव्हा समोरचे काका, पक्के काँग्रेसवाले, टोपीसकट, दर महिन्याला आईच्या हातात किराणा आणून ठेवायचे आणि अण्णा सुटून आल्यावरही त्याच काकांशी ओट्यावर बसून तावातावाने भांडायचे. अण्णा गेले त्या रात्री चूल बंद, तर पिठलं-भात त्याच घरातून आला. काका आता नाहीत, त्यांच्या मुलाने खांदा दिला. मी ज्याला उजवेपण समजतो ते मला त्या ओट्यावरच मिळालं, ते शिकायला अमेरिकेत यावं लागलं नाही.

दहाव्याला संगम माहुलीला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. भाऊ म्हणाला, त्यांचा जीव अयोध्येत अडकलाय, २२ तारीख बघायची होती त्यांना. सगळ्यांनी हात जोडून सांगितलं, अण्णा आम्ही जाऊन दर्शन घेऊ. तरी नाही. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला, बघतो तर कॅम्पेनचा मेसेज, मतदानाला थोडेच दिवस उरलेत, तुमचा निर्णय झाला का? मी मनातल्या मनात म्हटलं, अण्णा, त्या दिवशी जे बोललो ते चुकलं माझं. थोड्या वेळाने एक कावळा आला. माझ्यामुळे आला असं मी म्हणणार नाही.

तेरावं २१ ला झालं. २२ ला प्राणप्रतिष्ठा घरच्या टीव्हीवर अण्णांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून बघितली आणि संध्याकाळी मुंबईला निघालो. दुबईमार्गे बोस्टन, २३ ची दुपार, तिथून गाडीने तडक मतदान केंद्र. बाहेर थंडीत ट्रम्पवाले आणि त्यांच्या विरोधातल्या, भारतीय वंशाच्या निकी हेलींचे लोक बोर्ड धरून शेजारीशेजारी उभे, एकाच खोक्यातले डोनट खात होते. टेबलावरच्या आजींनी लायसन्सवरचा केसाळ फोटो बघितला, मग माझं तुळतुळीत डोकं बघितलं आणि हळूच विचारलं, ट्रीटमेंट चालू आहे का? म्हटलं नाही, वडील गेले, आमच्यात थोरला मुलगा केस काढतो. त्यांनी हातातली पट्टी-पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, माझा नवरा ऑक्टोबरमध्ये गेला. मागे लाईन होती तरी कोणी घाई केली नाही.

मतपत्रिकेवर २४ नावं. डिसँटिस, रामस्वामी, क्रिस्टी हे उमेदवार आधीच शर्यतीतून बाहेर पडलेले, पण छापलेले तसेच. हेलीबाई काही धुतल्या तांदळाच्या नाहीत, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं कारण विचारलं तर गुलामगिरी हा शब्द तोंडातून निघेना त्यांच्या. पण ट्रम्प त्यांचं जन्माचं निम्रता हे नाव मुद्दाम वाकडंतिकडं करून लिहीत होते, आणि माझ्या पोरांना शाळेत नावावरून काय ऐकावं लागलंय ते मला माहितीये. तरी पेन थांबलं. अण्णांसाठी एक मत ट्रम्पना देऊन टाकावं का, असं खरंच वाटलं, दोन मिनिटं उभा होतो. मग हेलींचा गोल काळा केला. खोटं मत दिलेलं अण्णांनाच खपलं नसतं, त्यांनी मला ओट्यावरून उठवून लावलं असतं.

ट्रम्प ५४ टक्के, हेली ४३. तेव्हा पुढे २४ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिना होतं, हेलींचं स्वतःचं राज्य, आणि तिथेही त्या हरतील असं दिसत होतं. इथले मराठी मित्र विचारायचे नोव्हेंबरच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काय करणार, मी म्हणायचो बघू.

निकालानंतरच्या रविवारी सकाळी साडेआठला, म्हणजे साताऱ्यात संध्याकाळी सात वाजता, सवयीने फोन हातात घेतला होता. 'बघ, सांगितलं नव्हतं?' एवढं ऐकायचं होतं. मग आईला लावला. तिने विचारलं, डोक्याला टोपी घालतोस ना रे तिकडे, बर्फ असेल.

आपला,
एक वाचक
(नॅशुआ, मूळ सातारा)