अ‍ॅडॅप्टर बदलतो तो फक्त पिनांचा आकार

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की इथली मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन आठ-दहा दिवसांसाठी आरव्ही, म्हणजे घरासारखी सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतात किंवा स्वतःचा ट्रेलर ओढत यलोस्टोन, ग्रँड कॅनियन असा दौरा करतात. या सहलींची वर्णने मराठी वृत्तपत्रांत आवडीने छापली जातात आणि मीही ती आवडीने वाचतो. मात्र रात्री जंगलातल्या तळावर जिथे विजेचा खांब नसतो तिथे गाडीला वीज कुठून आणायची, जनरेटर लावला तर कोणती केबल आणि कोणता अ‍ॅडॅप्टर वापरायचा, याबद्दल त्यांत क्वचितच एखादी ओळ असते. मी मूळचा सांगलीचा असून आयुष्यभर कारखान्यांतील विजेच्या देखभालीचे काम केले आहे आणि सध्या कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या वर्षी डोळ्यांसमोर घडलेल्या एका प्रसंगामुळे हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ट्रेलरसाठी 3600 वॅटचा जनरेटर आणला होता. जनरेटरला 30 अँपिअरचे सॉकेट होते आणि ट्रेलरचा प्लगही 30 अँपिअरचाच होता. पण ट्रेलरची मूळ केबल जनरेटरपर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून त्यांनी जनरेटरच्या सॉकेटला एक अ‍ॅडॅप्टर लावला, त्यापुढे घरातली 50 फुटांची नारिंगी एक्स्टेंशन वायर जोडली आणि तिच्या टोकाला ट्रेलरचा प्लग बसावा म्हणून आणखी एक अ‍ॅडॅप्टर लावला. उरलेली वायर त्यांनी नीट वेटोळे करून खुर्चीखाली ठेवली होती. दुपारी वातानुकूलन यंत्र चालू होते, त्यातच आजीने भात गरम करायला मायक्रोवेव्ह लावला. थोड्याच वेळात रबर तापल्याचा वास येऊ लागला. मी वेटोळ्याला हात लावला तो चटकन मागे घ्यावा लागला. जनरेटर बंद करून प्लग काढला, तेव्हा एक पिन तपकिरी पडलेली होती आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक मऊ होऊन सॉकेटला चिकटले होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

सर्वांनी मला एकच प्रश्न विचारला, की जनरेटरचा ब्रेकर ट्रिप का झाला नाही? त्याचे उत्तर असे, की ब्रेकरने त्याचे काम चोख केले होते. तो 30 अँपिअरचा होता आणि वातानुकूलन यंत्र साधारण 13 व मायक्रोवेव्ह साधारण 12 अँपिअर घेत असल्याने एकूण लोड 25 अँपिअरच्या आसपासच होता. ब्रेकरच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. पण मधली वायर 16 गेजची, म्हणजे बारीक तारेची, होती आणि त्या लांबीला अशा वायरीवर फार तर 13 अँपिअरचा लोड टाकावा असे मानले जाते. 16 गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध 1000 फुटांना सुमारे 4 ओहम असतो; 50 फुटांच्या वायरीत वीज जाऊन परत येते, म्हणजे 100 फुटांना 0.4 ओहम. 25 अँपिअरला त्या वायरीत 10 व्होल्ट गळतात आणि 250 वॅट उष्णता निर्माण होते. 750 वॅटच्या इस्त्रीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ही उष्णता, आणि तिचा बराचसा भाग वेटोळ्यात कोंडून खुर्चीखाली ठेवलेला होता. तेव्हा केबल निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की जनरेटरच्या ज्या सॉकेटमधून वीज घेतो त्याचा ब्रेकर किती अँपिअरचा आहे, आणि त्यापुढची प्रत्येक वायर व प्रत्येक अ‍ॅडॅप्टर निदान तेवढ्या अँपिअरचा आहे की नाही. अ‍ॅडॅप्टर पिनांचा आकार बदलून देतो. तो वायरीची ताकद वाढवत नाही आणि ब्रेकरचा आकडाही कमी करत नाही.

अमेरिकेतील आरव्हींना दोनच मुख्य प्रकारचे प्लग असतात. लहान गाड्यांना टीटी-30 हा तीन पिनांचा, 120 व्होल्ट व 30 अँपिअरचा, म्हणजे 3600 वॅटचा. मोठ्या गाड्यांना 14-50 हा चार पिनांचा. त्यात 120 व्होल्टच्या दोन स्वतंत्र फेज प्रत्येकी 50 अँपिअरच्या असल्याने क्षमता एकदम 12,000 वॅटवर जाते. नावांतल्या 30 आणि 50 मुळे सुमारे पावणेदोनपटीचा वाटणारा फरक प्रत्यक्षात सव्वातीनपटीहून अधिक आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मोठी गाडी 30 अँपिअरच्या जनरेटरला जोडणारा आखूड अ‍ॅडॅप्टर मिळतो आणि तो वापरण्यास हरकत नाही. मात्र त्यात दोन्ही फेज आतून एकत्र बांधलेल्या असतात, त्यामुळे साऱ्या गाडीला मिळून 30 अँपिअरच मिळतात. याच्या उलट तक्रारही मी ऐकतो, की 7000 वॅटचा जनरेटर असूनही तो अर्ध्या लोडलाच ट्रिप होतो. अशा जनरेटरला बहुधा फिरवून अडकवायचे चार पिनांचे एल14-30 सॉकेट असते. त्यातून टीटी-30 अ‍ॅडॅप्टरने वीज घेतली की दोनपैकी एकच फेज वापरली जाते, आणि निम्मा जनरेटर नुसता फिरत राहतो.

टीटी-30 चे सॉकेट दिसायला कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या 240 व्होल्टच्या सॉकेटसारखे असल्याने घरी ते बसवून घेताना चुकून त्याला 240 व्होल्ट जोडले जातात, आणि गाडी लावताक्षणी मायक्रोवेव्ह व चार्जर जळतात. नव्या सॉकेटला प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. यासाठी अर्धा मिनिटही लागत नाही.

केबलची जाडी ठरवताना गेजचा आकडा उलटा चालतो: आकडा लहान तितकी तार जाड. 15 अँपिअरला 14 गेज, 20 ला 12 गेज, 30 ला 10 गेज, आणि 50 अँपिअरच्या केबलमध्ये फेज व न्यूट्रलला 6 गेज. लांबी मात्र वातानुकूलनाच्या सोयीपेक्षा धुराकडे पाहून ठरवावी. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही करत नाही, म्हणून जनरेटर गाडीपासून निदान 20 फूट लांब, धुराचे तोंड गाडीकडे व शेजाऱ्याच्या तंबूकडे येणार नाही असा ठेवावा लागतो. तेव्हा गाडीच्या केबलला पुरवणी म्हणून 25 फुटांची, 10 गेजची, एका टोकाला टीटी-30 प्लग आणि दुसऱ्या टोकाला टीटी-30 सॉकेट असलेली एकसंध केबल घ्यावी. ती जड असते आणि घरगुती वायरीपेक्षा बरीच महाग पडते. पण मधले दोन अ‍ॅडॅप्टर वाचतात, आणि सहसा जळतात ते सांधेच. बाहेर वापरायच्या केबलवरील छापात शेवटी ‘डब्ल्यू’ हे अक्षर असते, तेही पाहावे. दोन्ही टोकांना बाहेर आलेल्या पिना असलेली वायर कोणी करून दिली, तर ती घेऊ नये. तिची उघडी पिन जिवंत असते.

जनरेटरवर छापलेला आकडा समुद्रसपाटीचा असतो. दर 1000 फुटांमागे साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते. यलोस्टोनचे पठार सरासरी 8000 फुटांवर आहे, त्यामुळे सलग 1800 वॅट देणारा छोटा जनरेटर तिथे 1300 च्या आसपास येतो आणि वातानुकूलन यंत्र सुरू होतानाचा धक्का त्याला झेपत नाही. तिथे फिशिंग ब्रिज या एकाच तळावर गाड्यांना विजेची जोडणी मिळते, म्हणून हा हिशेब निघण्यापूर्वीच करायला हवा.

आपल्या लोकांचा एक खास प्रश्न मिक्सरचा. भारतातून आणलेला 230 व्होल्टचा, 750 वॅटचा मिक्सर चटणीसाठी हवाच असतो. एका गृहस्थांनी मला 14-50 च्या सॉकेटमधून थेट 240 व्होल्ट काढणारा अ‍ॅडॅप्टर करून मागितला होता. मी नकार दिला, कारण मिक्सरच्या बारीक वायरीमागे 50 अँपिअरचा ब्रेकर राहिला असता. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वापरावा, किंवा इथे मिळणारा 110 व्होल्टचा मिक्सर घ्यावा.

आणखी एका गोष्टीने लोक गोंधळतात. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग आतून जोडलेले नसतात. घरात ही जोडणी मुख्य बोर्डात असते; आरव्हीत ती मुद्दामच केलेली नसते. त्यामुळे गाडीच्या संरक्षणाचे यंत्र ‘अर्थिंग नाही’ असे दाखवून वीज घेण्यास नकार देते, आणि मग यंत्रच खराब आहे असे समजून लोक ते काढून ठेवतात. हे अगदी चुकीचे आहे. जनरेटरच्या माहितीपुस्तिकेत न्यूट्रल मोकळा असल्याची खात्री करून घ्यावी आणि न्यूट्रल व अर्थिंग आत जोडलेला, वायर नसलेला एक प्लग जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावावा. दोन जनरेटर एकत्र जोडले असले, तरी असा प्लग एकच लावायचा. तळावरच्या खांबाला किंवा घरच्या सॉकेटला मात्र तो कधीही लावू नये, म्हणून तो जनरेटरलाच दोरीने बांधून ठेवलेला बरा.

महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून आपल्याकडेही अशा गाड्यांची चर्चा होते. तिथे 230 व्होल्ट असल्याने तेवढ्याच वॅटला जवळपास निम्मे अँपिअर लागतात आणि तार चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. पण ब्रेकरपेक्षा कमी ताकदीची वायर पुढे लावू नये, हा नियम तिथेही तोच राहील. इथल्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी चावीसोबत केबलचे गेज, प्लगचा प्रकार आणि सोबतच्या अ‍ॅडॅप्टरची मर्यादा एका कागदावर लिहून द्यावी, आणि आपल्या वृत्तपत्रानेही सहलीच्या लेखांशेजारी अशी छोटी चौकट छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. केबलचे वेटोळे पूर्ण उलगडून ती जमिनीवर मोकळी टाकावी, वातानुकूलन यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावे आणि मग प्रत्येक सांध्यावर, प्लगच्या बाहेरच्या रबरावर, कोरडा हात ठेवून पाहावा. कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल, तर आधी गाडीतला लोड बंद करावा, मग जनरेटर, आणि तो सांधा पुन्हा वापरू नये.

आपला विश्वासू,
एक वाचक
ऑरोरा, कोलोरॅडो