मिरजेच्या वायरमनमामांना, अण्णांच्या वतीने

मामा, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘बरं बरं, गाडी जरा पुढं घ्या, मागं रिक्षा थांबलीय’ म्हणालात. म्हणून इथं लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

आठवड्यातून दोनदा मी अण्णांना जयसिंगपूरहून मिरजेला डायलिसिसला आणतो. चार तास मशीनवर पडून राहायचं आणि परत. जाताना ते बोलत नाहीत आणि येताना बोलायचं त्राण नसतं. त्या वाटेवर त्यांना एकच गोष्ट लागते, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं. खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे अण्णांनी त्यांना कधी समोर ऐकलं नाही. पण मिरजेच्या दर्ग्यात, जिथं त्यांची कबर आहे, तिथल्या संगीतसभांना अण्णा तरुणपणी सायकलवरून यायचे आणि पहाटे परत जायचे. गाडीतल्या मूळ सेटवर ती हळुवार आलापी इंजिनाच्या घरघरीत बुडायची, म्हणून मी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. शिट्टी सुरू झाली ती त्या दिवसापासून.

इंजिन बंद असलं की काही नाही. चालू केलं की बारीक ‘कुईंऽऽ’. रेस दिली की सूर चढणार, पाय काढला की उतरणार. गाण्याचा आवाज कमी केला तरी शिट्टी तेवढीच. खाँसाहेब श्वास घ्यायला थांबले की ती गायला लागायची. अण्णा म्हणाले, “रेकॉर्डची खरखर चालते रे, ती त्यांच्यासोबतच आलीय. हे कोण मधेच?”

ज्यांनी अ‍ॅम्प बसवला त्यांच्याकडे चार वेळा गेलो. काचेचं दार, एसी, पाण्याची बाटली, सगळं व्यवस्थित. पहिल्यांदा म्हणाले, गाण्याची फाइलच खराब आहे. दुसऱ्यांदा एक फिल्टर विकला; त्यानं शिट्टी थोडी दबली आणि तबल्याचा डग्गाही गेला. तिसऱ्यांदा स्पीकर बदलायला लावले. चौथ्यांदा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, आवाज मोठा ठेवा, म्हणजे कळणार नाही. आणि या वयात कानात असं वाजतंच.” हे शेवटचं वाक्य तो अण्णांच्या देखत, माझ्याकडे बघून म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत. पुढचे पंधरा दिवस त्यांनी गाणं लावूच दिलं नाही.

तुमच्याकडे आलो ते खरं तर हेडलाइटसाठी. शिट्टीचं मी जाता जाता बोललो. तेव्हा तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला हाक मारून ग्राइंडर बंद करायला लावलात. गाडीच्या चारी काचा वर केल्यात, अण्णांच्या बाजूला मागच्या सीटवर बसलात आणि मला नाही, त्यांना विचारलंत, “अण्णा, कसा येतोय आवाज, दावा बघू.”

मामा, गेल्या वर्षभरात अण्णांना कुणी काही विचारलेलं नाही. डॉक्टर मला विचारतात, नर्स मला विचारते, पाहुणे फोन मला करतात. अण्णांनी तुमच्याकडे बघितलं आणि तो सूर गळ्यातून काढून दाखवला. तुम्ही मला हळूहळू रेस द्यायला सांगितलंत. शिट्टी चढत गेली आणि तिच्यासोबत अण्णाही चढत गेले, जाईल तिथपर्यंत. मग तुम्ही मान हलवलीत. “हाय की आवाज. बरोबर धरलाय अण्णांनी.”

पुढचं तासाभराचं काम मला अर्धंच कळलं. तुम्ही अ‍ॅम्पमधून सेटकडून येणाऱ्या आवाजाच्या पिना उपसल्यात आणि शिट्टी थांबली. म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष, आणि मी बदललेले स्पीकर तर बिचारे अगदीच निर्दोष. डिक्कीतला अर्थचा स्क्रू रंगावरच आवळला होता, पत्र्याला धड टेकलाच नव्हता. “करंटाला घरी जायची वाट नीट दिली नाही, तर तो गाण्याच्या वायरीतनं जातो,” तुम्ही म्हणालात, “आणि जाताना डायनामोची कुरकुर बरोबर घेऊन जातो.” तुम्ही रंग खरवडून चकचकीत पत्रा काढलात, दातेरी वॉशर घातलात, आणि बॅटरीच्या जाड वायरीला चिकटून आलेली गाण्याची वायर पलीकडच्या बाजूनं फिरवलीत. तो फिल्टरही काढून माझ्या हातात दिलात. मजुरी सांगताना एवढे संकोचलात की मलाच कसंतरी झालं.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक सगळीकडे झालं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावणारे कारागीर घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतात आणि कान लावून बसतात. तुम्ही मागच्या सीटवर डोळे मिटून बसलात तेव्हा मला तेच आठवलं. त्या कारागिरांच्या गल्लीशी तुमचा काही संबंध आहे का, ते विचारायचं राहिलं. नसेल तरी माझं मत बदलणार नाही. काम येणारी माणसं भरपूर भेटतात. समोरच्याला जे ऐकू येतंय ते खरं असेल असं धरून कामाला लागणारी फार थोडी.

परवा अंकलीचा पूल ओलांडताना खाँसाहेब थांबले. गाडीत काहीच वाजलं नाही. अण्णांनी मागून मला टपली मारली, म्हणजे सांगायचं होतं की ऐक. मी आरशात बघितलं नाही.

आता एक तक्रार. शिट्टी गेल्यापासून अण्णांना डाव्या दाराच्या आत काहीतरी टकटक करताना ऐकू येतंय. मला येत नाही. गुरुवारी डायलिसिस झाल्यावर घेऊन येतो त्यांना. ते म्हणतात, मामांना विचारू.

तुमचा,
पांढऱ्या गाडीवाला, जयसिंगपूर