आईच्या मानेवरचा काळेपणा आणि ती बिननावाची डबी

बंगळूर,
2 डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत सदाशिव पेठेतल्या घरी आले तेव्हा आईच्या आरशामागे क्रीमची एक छोटी डबी दिसली, पण सणाच्या गडबडीत तो विषय काढणे मला बरे वाटले नाही. पुणे स्टेशनवर बाबांना सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात गाडी आली, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

आई, ओळखीच्या बाईंकडून घेतलेल्या त्या डबीवर ना उत्पादकाचे नाव आहे, ना घटकांची यादी, ना परवाना क्रमांक. महिन्याभरात मानेवरचा काळेपणा उतरला, असे तू आनंदाने सांगितलेस. तो इतक्या लवकर उतरला, याचीच मला धास्ती वाटते. अशा क्रीममध्ये पुष्कळदा पारा असतो. त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया पारा अडवतो, म्हणून उजळपणा लगेच दिसतो. परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठत जातो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात 2021 ते 2023 या काळात डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांपैकी 15 जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि या 15 पैकी 13 जणांनी गोरे करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. आपल्याकडे अशा क्रीममध्ये पारा मिसळण्यास कायद्याने मनाई आहे, पण नाव-गाव नसलेल्या डबीला कायदा कोण विचारणार?

तुझा मधुमेह 14 वर्षांचा आहे आणि मूत्रपिंडांवर त्याचा ताण आधीच आहे. उद्या लघवीला फेस येऊ लागला किंवा पाय सुजले, तर आपण सगळे साखरेलाच दोष देऊ आणि त्या डबीची आठवणही कोणाला होणार नाही. शिवाय मानेच्या वळ्यांत असा मखमली काळेपणा येतो, तो बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्यामुळे. तो घासून किंवा क्रीम लावून घालवायचा डाग नव्हे; साखर आणि वजन आटोक्यात आले की तो हळूहळू फिका होतो. तुझ्या रंगात आम्हा कोणालाही कधी काही उणे वाटलेले नाही, हेही या निमित्ताने लिहून ठेवते.

डबी आजपासून वापरू नकोस, परंतु फेकूनही देऊ नकोस. पिशवीत घट्ट बांधून त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. तिच्यात स्टेरॉइड असेल तर बंद केल्यावर त्वचा लाल होऊन आग होऊ शकते, आणि त्या त्रासाला घाबरून पुन्हा तेच क्रीम लावण्याचा मोह होतो. मधुमेहाच्या डॉक्टरांनाही हे सांग आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घे.

बाबा, आईच्या पायांकडे मात्र तुम्हीच लक्ष द्यायला हवे. पुण्याच्या कोरड्या थंडीत तिच्या टाचांना भेगा पडतात, आणि तळव्यांची जाणीव कमी झाल्यामुळे जखम झालेली तिला कळतही नाही. रात्री पाय धुऊन, नीट टिपून, युरिया असलेले साधे, बिनवासाचे क्रीम टाचांना लावा. बोटांच्या बेचक्यांत लावू नका, कारण तिथे ओल राहिली की बुरशी धरते. भेगांतून रक्त दिसले तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जा. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता आणि तिच्यामुळे ऊन अधिक बाधू शकते, तेव्हा पर्वती चढायला जाताना टोपी विसरू नका.

आणखी एक बारीक गोष्ट राहिली. टिकलीच्या जागी आईच्या कपाळावर फिकट ठिपका दिसला. टिकलीच्या गोंदातील रसायनाने काहींच्या त्वचेचा रंग जातो, म्हणून तोही डॉक्टरांना दाखवा आणि तोवर टिकली लावू नका.

रविवारी सकाळी फोन करीन, तेव्हा डॉक्टरांची कोणती वेळ मिळाली ते सांगा.

तुमची लेक