आमच्या चाळीतल्या कॅरमवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

हे तुमच्यासमोर बोलायचं होतं. दोनदा जिन्याखाली आले पण, आणि "काय काका, बरं आहे ना" एवढंच विचारून परत फिरले, गळा भरून आला की मला बोलता येत नाही. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण लालबागच्या आपल्या चाळीत "हे काय, रिटायर झाल्यापासून पोरांना घेऊन कॅरम बडवत बसतात" असं म्हणणारे कमी नाहीत, त्यांनीपण वाचू दे.

परवा रविवारी आमच्या लेकाने माझ्याकडे नेलकटर मागितला. पंधरा वर्षांचा मुलगा. दुसरीत होता तेव्हापासून त्याच्या हाताला नेलकटर लागलेला नाही, पायाची नखं कापायचो, हाताला कापायला काही शिल्लकच नसायचं. गॅलरीत पेपर पसरून बसला, एकेक बोट पुढे करून टक, टक, आणि पेपरवर ते बारीक पांढरे तुकडे पडत होते. मी कुकर लावायचं निमित्त करून आत गेले आणि रडले.

ज्यांच्या घरी हे नसतं त्यांना वाटतं नखं खाणं म्हणजे काय मोठंसं. आमच्याकडे अर्धं नख संपलं की तो बाजूच्या कातडीवर यायचा, दोनदा नखुरडं होऊन पू झाला, वरणभात कालवताना मीठ-लिंबू लागलं की हात झटकायचा. आणि उपाय तरी किती! कडुलिंबाचा रस झाला, कोरफड झाली, मेडिकलमधलं ते कडू नेलपॉलिश झालं, आठवडाभर तोंड वाकडं केलं आणि मग त्याला त्या चवीचीही सवय झाली. नखं खाल्ली की घरात दारिद्र्य येतं हे तर येणाराजाणारा प्रत्येकजण ऐकवून गेला. एका स्किनच्या डॉक्टरांनी भरपूर फी घेतली, मान वर न करता क्रीम लिहून दिलं आणि म्हणाले, आई, जरा लक्ष ठेवा. शाळेत एका टीचरने तर त्याला पुढे उभं करून दोन्ही हात वर करायला लावले, सगळ्या वर्गाला दिसावेत म्हणून. तेव्हापासून तो हात खिशात घालूनच फिरायचा. आणि मी? मी पण कमी नाही केलं. पाहुण्यांसमोर "दाखव रे दाखव, बघा काय करून ठेवलंय" हे मीच म्हटलंय, हातावर फटके मीच मारलेत. ते आता आठवलं की झोप लागत नाही.

जूनमध्ये तुमच्या बोर्डवर काय झालं ते मला त्याने तीन महिन्यांनी सांगितलं, रात्री लाइट घालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून. राणी घेऊन झाली होती, कव्हर बाकी होतं, याने जोरात स्ट्रायकर मारला आणि बोटाची सोललेली कड फाटली. पांढऱ्या पावडरवर रक्ताचा एक थेंब पडला. समोर तीन पोरं उभी. आणि कोणाची नजर जायच्या आत तुम्ही तुमचा तळहात त्या थेंबावर ठेवलात, पावडर फार झाली रे म्हणालात, आणि रुमालाने बोर्ड पुसून घेतलात. बस. एवढंच.

काका, आठ वर्षं आम्ही सगळे मिळून त्याचा हात ओढून चारचौघांत दाखवत होतो. तुम्ही तो झाकलात.

बाकी सगळं मग त्यातून झालं असं मला वाटतं. पोरं गेल्यावर नळावर त्याचे हात धुवून दिलेत, ही पावडर पोटात जायची वस्तू नाही हे शांतपणे सांगितलंत, आणि १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही स्वतः रात्र रात्र जागून नखं कुरतडायचात हेही सांगितलंत. हे तुमच्या घरच्यांनाही माहीत नसेल कदाचित, मी लिहितेय त्याबद्दल माफ करा, पण माझ्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की असं करणारा तो एकटाच नाही. मग तुमचा स्वतःचा स्ट्रायकर त्याच्या हातात दिलात, खिशात ठेव, हात तोंडाकडे निघाला की मुठीत घट्ट धर, खाल्लंस तरी मला सांगायची गरज नाही. ते शेवटचं वाक्य त्याला पाठ आहे.

नंतर बोट दाखवायला गेलो होतो तिथे एक तरुण डॉक्टर बाई भेटल्या, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अहो हीच तर पद्धत आहे, हात कधी वर जातो ते ओळखायचं आणि तेवढ्यात त्याला दुसरं काम द्यायचं, मूठ आवळायची, १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली. या सवयीला ऑनिकोफेजिया असं भलंमोठं नावही आहे म्हणे. मला एवढंच कळलं की कुठल्याही पुस्तकाशिवाय तुम्ही ते जिन्याखाली बसून केलंत, आणि माझ्याकडे येऊन "तुमच्या मुलाचं असं असं आहे" म्हणून एका शब्दाने बोलला नाहीत. हल्ली कोणाचं काही कळलं की माणसं आधी ग्रुपवर टाकतात. दुसऱ्याची लाज आपल्या पोटात ठेवणारी माणसं जुन्या चाळीतच उरलीत की काय असं वाटतं, आणि टॉवर झाल्यावर ती कुठे जातील याची मला खरंच काळजी वाटते.

पूर्ण सुटलंय असं नाही म्हणणार. सहामाहीच्या गणिताच्या आदल्या रात्री डावा अंगठा परत खाल्ला त्याने. मी बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाही, चहा करून दिला फक्त. नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं म्हणे, येईल ते पण.

स्ट्रायकर अजून त्याच्याकडेच आहे, शाळेच्या पँटच्या खिशात, धुवायला टाकताना मी काढून ठेवते आणि सकाळी परत घालते. तो परत मागू नका प्लीज, तुमच्यासाठी नवा आणलाय. या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. पुरणपोळी करतेय, आणि कटाची आमटी तुम्हाला आवडते तशी तिखट.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची, कोपऱ्यातल्या खोलीतली