मुंबई-पुण्याचा पारा असा शेजारी शेजारी छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर 'मुंबईपेक्षा पुणे तापले' अशी चौकट आहे. दोन्ही शहरांचं कमाल तापमान शेजारी शेजारी, पुण्याचं दोन अंशांनी जास्त, आणि खाली तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवरून जाणाऱ्या मुलींचा फोटो. ही चौकट वाचून मला फार राग आला. रात्री झोपताना तो गेला नव्हता, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले.

अशाच एका चौकटीवर विश्वास ठेवून २०२५ च्या फेब्रुवारीत मी आईला मुंबईला नेलं होतं. माझा भाऊ गिरगावात राहतो. महाशिवरात्र २६ तारखेला होती आणि तिथल्या शंकराच्या दर्शनाला जायचं आईच्या फार मनात होतं. तिचं वय तेव्हा ७६. मी आधी आठवडाभर आपल्याच अंकातलं हवामान बघत होते. मुंबईचा आकडा पुण्याहून कमी दिसत होता, म्हणून निर्धास्त होते. २५ च्या सकाळी डेक्कन क्वीनला बसलो तेव्हा आईच्या अंगात स्वेटर आणि कानाला मफलर होता. स्टेशनवर चांगलाच गारवा होता. घाट उतरून गाडी कर्जतला आली आणि स्वेटर निघाला, कल्याणला मफलर. भावाच्या घरी पोहोचेपर्यंत तिचं पोलकं ओलंचिंब झालं होतं.

त्या दोन दिवसांसाठी हवामान खात्याने मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा यलो अलर्ट दिला होता. फेब्रुवारीत! सांताक्रूझला पारा ३८ च्या पुढे गेला. आपल्या पुणे आवृत्तीत मला याची एक ओळही दिसली नव्हती. भावाच्या घरी टीव्हीवर कळलं, तोवर आईचा उपास सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी ती ऐकेना. सकाळी लवकर निघू म्हणता म्हणता दहा वाजले, आणि रांगेत पाऊण तास झाल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "मला काही दिसत नाही गं," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. पोटात सकाळपासून कवठाच्या चटणीचं बोट आणि दोन घोट पाणी. रांगेतल्या एका बाईंनी पदराने वारा घातला, एका मुलाने पाण्याची बाटली दिली. त्या दोघांची नावंही मी विचारली नाहीत, याची आजही रुखरुख आहे. जवळच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून तासभर झोपवून ठेवलं. दर्शन राहिलंच.

म्हणून सांगते, या दोन शहरांची तुलना दुपारच्या एका आकड्यावर होत नाही. पुण्याचा फेब्रुवारी म्हणजे पहाटे गोधडी आणि दुपारी पंखा. पहाट आणि दुपार यांत वीस अंशांच्या आसपास फरक पडतो. हवा कोरडी, घाम आला तरी वाळतो, आणि सूर्य मावळला की अंग निवतं. मुंबईत रात्रही सोडत नाही. घाम येतो तो अंगावरच राहतो. हवामान खात्याचे निकषसुद्धा म्हणूनच वेगळे आहेत: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, किनाऱ्यावर ३७ झाले आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी जास्त असले की लाट. म्हणजे पुण्यातले ३७ आणि मुंबईतले ३७ ही एकच गोष्ट नाही.

आणि मुंबईत सगळं वाऱ्यावर असतं. शाळेत आपण सगळेच खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आहोत. फेब्रुवारीच्या दुपारी समुद्रावरून खारा वारा वेळेवर आला की पारा आवरतो. पूर्वेकडून, जमिनीवरून येणारा कोरडा वारा जोरात असला की खाऱ्या वाऱ्याला यायला उशीर होतो आणि तेवढ्या दोन-तीन तासांत पारा कुठल्या कुठे जातो. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्यापेक्षा सांताक्रूझला तो जास्त चढतो. तेव्हा नुसतं 'मुंबई' असं छापून भागत नाही. कुलाबा की सांताक्रूझ, हे लिहायलाच हवं.

पुण्याचंही तेच. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, मगरपट्टा यांच्या किमान तापमानात काही अंशांचा फरक असतो, हे इथे राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आपण 'पुणे' एवढंच छापता. १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचं कार्यालय पुण्याला आलं म्हणून ज्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात, त्या शहरातल्या वर्तमानपत्राने एवढं तरी नीट द्यावं.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्या हवामानाच्या कोपऱ्यात पूर्वी किमान तापमान, आर्द्रता आणि सूर्योदय-सूर्यास्त असायचं. दिवाळीपासून तिथे जाहिरात आली आणि उरलं ते इतक्या बारीक अक्षरांत की आईला भिंग लावूनही वाचता येत नाही. घरात वर्तमानपत्र सगळ्यांत आधी तीच उघडते आणि तिचा डोळा सगळ्यांत आधी त्याच कोपऱ्याकडे जातो. 'महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते' असं ती दरवर्षी म्हणते आणि मग आकडा बघून खात्री करून घेते. जाहिरात हवी असेल तर दुसरीकडे घ्या, तो कोपरा परत द्या.

२०२५ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, ही बातमी मात्र आपण नंतर ठळक छापली होती. ती मी वाचली तेव्हा आईला घेऊन पुण्याला परत आले होते.

या महाशिवरात्रीलाही तिला गिरगावात जायचं आहे. राहिलेलं दर्शन तिच्या मनातून गेलेलं नाही आणि मला तिला नाही म्हणवत नाही. मुंबईला इशारा असेल तर तो पुणे आवृत्तीत कोणत्या पानावर येणार, एवढं कृपया कळवा. तिकीट मी त्यानंतर काढीन.

आपली,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे