आमच्या गल्लीतल्या कंपाउंडर मामांना, वाकळीच्या घरून

मामा, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आभार कसलं मानतीस, च्या टाक" म्हणून विषय बदलता, पाच महिन्यात तीनदा झालं असं, म्हणून आता लिहूनच काढते आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. तुमची पोरगी तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेलच. आणि तिला सांगते, मधलं काही गाळू नको गं, मामा "पुढं वाच, पुढं वाच" म्हणतील तरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मामा जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेत, गल्लीत सगळे त्यांना कंपाउंडर मामाच म्हणतात, जन्म गेला गाई-म्हशींच्यात, आणि तरी ४०० ग्रॅमच्या मांजराच्या पिल्लापाशी मांडी घालून बसून त्यांनी मला जे शिकवलं ते मी कुठं वाचून शिकले नसते.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडलेली, ४३ च्या धोका पातळीला कधी पोचतीय एवढंच सगळे विचारत होते, शाळेला सुट्टी, रस्ते बंद, आणि आमचा बारका रेनकोटच्या आतून काहीतरी घेऊन वर आला. ते पिल्लू एवढं भिजलेलं होतं की रंगसुद्धा कळत नव्हता. मी काय केलं, तर जे आपल्या घराघरात करतात तेच, वाटीभर कोमट म्हशीचं दूध ठेवलं. प्यालंही सगळं. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा! रात्री दहापासनं पातळ संडास सुरू आणि एकच्या सुमाराला ते हाताला गार लागायला लागलं, मान टाकली होती.

बारक्याचं तापाचं सिरप फ्रिजवर होतं. मी ड्रॉपरमध्ये दोन थेंब काढले पण होते मामा. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तुमच्या घरात लाईट दिसला म्हणून खिडकीतून हाक मारली, आणि तुम्ही बनियनवर, डोक्यावर पोतं घेऊन पावसात पळत आलात. पहिली गोष्ट म्हणजे माझ्या हातातला ड्रॉपर काढून घेतलात. "पोरी, ह्यानं मरंल ते." तेवढंच. नंतर शांतपणे सांगितलंत की पॅरासिटामॉल माणसाचं लिव्हर पचवतं पण मांजराच्या लिव्हरात ते पचवायचं एन्झाइमच पुरेसं नसतं, रक्त बिघडतं आणि थोड्याशा डोसनंसुद्धा मांजर जातं. हे मी इथं मुद्दाम मोठ्यानं सांगतेय, कारण तापाची गोळी आपल्या प्रत्येकाच्या डब्यात असते आणि माया करायच्या नादातच आपण ती देतो.

मग तुम्ही त्याला खायला घालायचं नाही म्हणालात, मला कळेना, उपाशी आहे की हे. "थंड पडलेल्या पोटात काय उतरत न्हाई, आधी ऊब." प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी, त्याला टॉवेल गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकायला जागा राहिली पाहिजे. तीन वाजता ते पहिल्यांदा ओरडलं. तुम्ही बोटावर पाणी घेऊन चाटवलंत. सकाळी सातला रिक्षा शोधून आणलीत आणि डॉक्टरांकडं पण सोबत आलात, तो सगळा दिवस तुमचा गेला.

त्या दिवशी वाण्याच्या काट्यावर डब्यात बसवून वजन केलं, ३९० ग्रॅम. डोळे अजून निळे, सुळे बाहेर आलेले, म्हणून पाच आठवड्यांचं असेल म्हणालात. अंग वाळल्यावर पांढरा, काळा, पिवळा असे तीन रंग दिसले तर बघताक्षणी "ही मादी, तीन रंगाचा बोका हजारात एखादाच" म्हणालात. तेव्हापासून दर रविवारी वजन करून वहीत लिहायचं, आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला पाहिजे, ही सवय बारक्याला तुम्हीच लावलीत. गणितापेक्षा ती वही तो मनापासून लिहितो.

पण खरे आभार पुढच्या पंधरा दिवसांचे आहेत. जीव वाचला, आता ठेवायची कुठं? सासूबाईंचं पहिल्या दिवसापासनं एकच, घरात घाण करणारं जनावर नको. आणि पिल्लानं नेमकी त्यांच्या आईनं शिवलेली वाकळच, म्हणजे गोधडीच, धरली. दोनदा. तिसऱ्यांदा तुळशीच्या कुंडीत. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मी त्याला मानेला धरून कुंडीपाशी नेलं आणि नाक मातीत दाबणार एवढ्यात तुम्ही दारात. रागावला नाहीत. तुम्ही म्हणालात, "ते तुला सांगालंय की मला माती पायजे, आन् तू त्याला मारालीस व्हय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही मामा. मी वर्गात ४० पोरं सांभाळते आणि हे मला सुचलं नव्हतं.

मी ऑनलाईन मागवलेली मांजराच्या संडासाची माती, ती ओली झाली की गोळा होणारी, ती तुम्ही आधी बाहेर काढायला लावलीत. एवढं बारकं पिल्लू सगळं तोंडात घालतं, ती माती पोटात जाऊन फुगली, चिकटली तर आतडं बंद होऊ शकतं. निदान चार महिन्यांचं होईपर्यंत गोळा न होणारीच वापरायची. पुरामुळं दुसरी काही मिळत नव्हती, तर मागं बांधकामाची वाळू पडलेली ती चाळून आणलीत, आणि ऊन कुठलं जुलैमध्ये, म्हणून माझ्या जुन्या लोखंडी कढईत गॅसवर परतून कोरडी केलीत. ते बघून सासूबाई पहिल्यांदा हसल्या. वाळू, रद्दीचे बारीक तुकडे आणि वर मूठभर त्याच कुंडीतली माती. तेलाचा ५ लिटरचा कॅन आडवा कापून ट्रे केला, काठाला चिकटपट्टी, आणि एक बाजू फक्त तीन बोटं उंच, कारण माझ्या आधीच्या टबात त्या बिचारीला चढताच येत नव्हतं आणि मी समजत होते तिला कळत नाही.

ट्रे मी तिच्या जेवणाच्या वाटीशेजारी ठेवलेला. "तू मोरीत बसून जेवतीस का?" मग तो जिन्याखालच्या कोपऱ्यात गेला, वॉशिंग मशीनच्या आवाजापासून लांब, आणि एकदा ठेवला की हलवायचा नाही. तिला पण पहिले आठ दिवस सगळं घर मोकळं द्यायचं नाही, त्या एकाच खोलीत. झोपून उठली की, खाऊन झालं की, खेळून दमली की उचलून ट्रेत ठेवायची. तिचा पंजा धरून उकरायचा नाही, घाबरते, आपणच बोटानं थोडं उकरून दाखवायचं. आणि कुठं चुकून केलंच तर कागदानं टिपून तोच कागद ट्रेत टाकायचा, वासानं जागा ओळखते ती. ट्रेत केलं की बारका टाळ्या वाजवायचा तर तुम्ही त्याला पण गप्प केलंत, तिथं शांतता पाहिजे म्हणून. चौथ्या दिवशी ती स्वतःहून गेली. केलं, उकरून झाकलं, वास घेऊन परत झाकलं. मी तुम्हाला फोन करून रडले होते, तुम्हाला आठवत असेल.

फिनेलचं तर राहिलंच. वास जावा म्हणून मी दिवसातून दोनदा काळ्या फिनेलनं फरशी पुसत होते. तुम्ही उंबऱ्यातच थांबलात वासानं. ते पंजाला लागतं, ती पंजे चाटते, आणि फिनॉल पण तिच्या लिव्हरला झेपत नाही. त्यापेक्षा साधं साबणाचं पाणी आणि नंतर पाण्यात व्हिनेगर घालून पुसायचं. अमोनियावालं लिक्विड तर उलट काम करतं, त्याचा वास तिला मुतासारखाच येतो आणि ती परत तिथंच जाते. कुंडीत वरून नदीतले गोटे पसरले, विषय संपला. तुळस छान आहे.

खाण्याचं थोडक्यात लिहिते कारण ते आता घरात सगळ्यांना पाठ आहे. दूध बंद. आपल्या कोल्हापुरी घरात कांदा-लसणाची चटणी न लागलेलं भांडं सापडणं मुश्कील, आणि शेजारच्या वहिनी मायेनं पांढऱ्या रश्श्यातला तुकडा धुऊन द्यायच्या, पण कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, धुऊन जात नाही ते. नुसतं बिनमिठाचं उकडलेलं चिकन, आणि मुख्य म्हणजे पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून, कारण त्यात टॉरिन नावाचं मांजराला लागणारं सत्त्व असतं, ते नसलं तर डोळे आणि हृदय खराब होतं, नुसत्या दूध-भातावर मांजर जगवणं म्हणजे तिला हळूहळू आजारी पाडणं आहे. पण श्रावण लागला, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही म्हणजे नाही, मला त्यांना दुखवायचं नव्हतं. महिनाभर तुम्ही तुमच्या घरी एका वेगळ्या पातेल्यात चिकन उकडून डब्यातून आणून दिलंत, तुमचा स्वतःचा श्रावण असताना. हे मी गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

बारक्याला खेळताना बोचकारलं तेव्हा मी हळद लावून मोकळी झाले असते. तुम्ही घड्याळ लावून १५ मिनिटं नळाखाली साबणानं हात धुवायला लावलात आणि सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पाठवलंत, पिल्लाची लस झालेली नव्हती, कुठनं आलंय माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी अशी इंजेक्शनं झाली त्याची. रडला, पण तुम्ही चारही वेळा सोबत होता. तिची ट्रायकॅटची पहिली लस आठव्या आठवड्यात, तेव्हा ७२० ग्रॅम, दुसरी आणि रेबीजची बाराव्या आठवड्यात. जंताचं औषध वेळच्या वेळी. सगळं त्या वहीत आहे.

आणि दसऱ्याला ननंद बाळंतपणाला आली. सहावा महिना. मग सगळ्यांनी सुरू केलं, पोटुशी बाई घरात आणि मांजर, आत्ताच्या आत्ता सोडून या तिला. माझ्या स्वतःच्या आईनं पण. मी खरंच तिला पोत्यात घालून सोडून यायपर्यंत आले होते. तुम्ही ओसरीवर बसून सगळ्यांना समजावलंत, की पोटातल्या बाळाला बाधणारा तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या संडासातून येतो खरा, पण बाहेर पडल्यावर तो बाधायला किमान एक दिवस जावा लागतो, म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा आणि तो ताईनं साफ करायचा नाही, कच्चं मांस मांजराला पण नाही आणि माणसाला पण नाही, भाजी नीट धुवायची. तिच्या डॉक्टर मॅडमनी पण तेच सांगितलं तेव्हा घर शांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या गडबडीत होते तर जिन्याखालून सासूबाईंचा आवाज, "तू जा शाळेला, ट्रेचं मी बघतो." हातात खुरपं होतं. मी तशीच बाहेर पडले, काही बोलले असते तर त्यांनी ठेवून दिलं असतं ते.

नाव पण त्यांनीच ठेवलं, वाकळी. तीन रंगांचे तुकडे जोडल्यासारखी दिसते म्हणून. परवा जुन्या लुगड्याचे तुकडे काढून तिच्या टोपलीच्या मापाची खरीखुरी वाकळ शिवायला घेतलीय त्यांनी, चष्मा लावून, ओसरीवर उन्हात. वाकळी दोरा पकडायला जाते तर तुम्ही सांगितल्याप्रमाणे रीळ लगेच डब्यात, दोरा गिळला तर आतड्यात अडकतो हे त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मामा, वाकळी आता सहा महिन्यांची होईल. चौथ्या महिन्यापासनंच मांजर गाभण राहू शकतं आणि दोन महिन्यात पिल्लं, मग ती पिल्लं कुणाच्या तरी जिन्याखाली पावसात, हे तुम्ही सांगितलेलं विसरले नाही. येत्या शनिवारी तिचं ऑपरेशन ठरवलंय. सासूबाईंनी तुमच्यासाठी गुऱ्हाळातली काकवी भरून ठेवलीय, च्या पण मिळेल. साडेआठला रिक्षा सांगितलीय. तुम्ही मांडीवर घेतलं की ती ओरडत नाही, म्हणून यावंच लागेल.

तुमचीच,
जिन्याशेजारच्या घरातली मास्तरीण